स्तनाच्या बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘कार्सिनोमा’ आलंय, आता पुढे काय? गोव्यातल्या बायकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

रिपोर्ट हातात आला, डॉक्टरांनी ‘कॅन्सर’ म्हटलं, की त्यानंतरचं त्यांचं बोलणं बहुतेकींच्या कानावर पडतं पण डोक्यात शिरत नाही. सगळ्यांचंच तसं होतं. म्हणून हा लेखही एका दमात वाचू नका. आज लागेल तेवढं वाचा, बाकीचं पुढच्या आठवड्यासाठी ठेवा.

मी डॉक्टर नाही. माझ्या जावेला स्तनाचा कॅन्सर झाला तेव्हा तिच्याबरोबर बांबोळीच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या (गोमेकॉच्या), फेऱ्या मी केल्या, आणि पुढे ओळखीतून ओळख निघत फोंडा, डिचोली, पेडण्याकडच्या आणखी काही जणींसोबत बसले. कुठलं औषध, कुठलं ऑपरेशन हे तुमचे डॉक्टरच सांगतील. मला सांगायचंय ते डॉक्टरांच्या दोन भेटींमधल्या दिवसांबद्दल.

त्यातही एक गोष्ट आधी सांगते. आपल्या गोव्यात आजारपणात माणसं कमी पडत नाहीत. वाड्यावर बातमी पसरायला एक संध्याकाळ पुरते आणि दुसऱ्या दिवशी ओटीवर माणसं बसलेली असतात. त्रास होतो तो सगळे एकदम येतात, सगळे सल्ले देतात आणि कोणालाच काय करायचं ते ठाऊक नसतं याचा. आजारी बाईने आलेल्यांना चहा करून द्यायचा, वर त्यांचं रडूही आवरायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा आधार शोधणं याचा आपल्याकडचा खरा अर्थ आहे, असलेल्या माणसांना नेमकी कामं वाटून देणं. ते कसं करायचं ते पुढे येईलच.

पहिले दोन-तीन दिवस

आज रात्री कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. हे स्वतःला आणि घरच्यांना मोठ्याने सांगा. हाताला लागलेली गाठ बहुतेक वेळा कित्येक महिने, कधी वर्षंही, आत वाढत आलेली असते. तपासण्या पूर्ण करायला, डॉक्टर ठरवायला दोन-तीन आठवडे गेले तर सहसा त्याने बिघडत नाही. बिघडतं ते ‘चवथ होऊन जाऊ दे’, ‘मुलीची परीक्षा होऊ दे’, ‘एकदा गावठी औषध करून बघू’ असं म्हणत महिने काढले तर. घाई नको आणि चालढकलही नको. पुढच्या तपासणीची तारीख मात्र आजच घेऊन ठेवा.

एक जाड पुठ्ठ्याची वही आणा. मोबाइलमध्ये लिहून चालत नाही, कारण वॉर्डात चार्जिंग संपतं आणि वही कोणाच्याही हातात देता येते. पहिल्या पानावर नाव, वय, रक्तगट, बीपी-साखरेच्या चालू गोळ्या, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे ते, आणि दोन माणसांचे फोन नंबर. पुढच्या पानापासून डावीकडे डॉक्टरांना विचारायचं ते, उजवीकडे त्यांनी सांगितलं ते, तारखेसकट. सोबत एक प्लास्टिकची फाईल हवी. सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने, सर्वांत नवा वर. प्रत्येक कागदाचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. पावसाळ्यात भिजलेल्या रिपोर्टची दुसरी प्रत मिळवताना जो वेळ जातो तो मी अनुभवलाय.

मग सोबतीचं माणूस ठरवा, आणि एकच ठरवा. नवराच हवा असं नाही. बहीण, भावजय, शेजारीण, मोठा मुलगा, कोणीही चालेल. जो कमी बोलतो, नीट लिहून घेतो आणि डॉक्टरांसमोर रडवेला होत नाही, तो. दर भेटीला वेगळं माणूस आलं की प्रत्येक वेळी सगळी कथा पहिल्यापासून सांगावी लागते आणि मधला धागा तुटतो.

आणखी दोन गोष्टी याच दिवसांत मनातून काढून टाकायला हव्यात. ‘सुई लावली म्हणून तो पसरला’ असं कोणीतरी सांगेलच. बायोप्सीने, म्हणजे तपासायला गाठीचा तुकडा काढल्याने, स्तनाचा कॅन्सर पसरत नाही. उलट बायोप्सीशिवाय तो कुठल्या प्रकारचा आहे ते कळत नाही आणि प्रकार कळल्याशिवाय औषध ठरत नाही. दुसरी गोष्ट दोषाची. काळी ब्रा घातली, छातीला मार लागला, दूध पाजलं नाही, कोणाचे शाप लागले, यातलं काहीही मनाला लावून घेऊ नका. मार आणि ब्रा यांचा कॅन्सरशी संबंध नाही. न पाजल्याने धोका किंचित वाढतो हे खरं, पण एका विशिष्ट बाईला कॅन्सर का झाला हे बहुतेक वेळा कोणीच सांगू शकत नाही. हा आजार स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा एकाच अंथरुणावर झोपल्याने दुसऱ्याला होत नाही. हे वाक्य घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जरूर वाचून दाखवा, कारण नातवंडांना आजीपासून दूर ठेवलं की त्या बाईच्या काळजाला जे घर पडतं ते किमोपेक्षा वाईट असतं.

रिपोर्ट कसा वाचायचा

इथे जरा थांबूया, कारण घरं घाबरतात ती इथेच. बायोप्सीच्या रिपोर्टवर बहुधा ‘इन्फिल्ट्रेटिंग’ किंवा ‘इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा’ असं लिहिलेलं असतं. स्तनाच्या कॅन्सरचा हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे. म्हणजे दुधाच्या नळीत सुरू झालेल्या पेशी नळीबाहेरच्या भागात शिरल्या आहेत. ‘इन्व्हेजिव्ह’चा अर्थ अंगभर पसरलाय असा नाही.

त्याखाली ‘ग्रेड ३’ दिसलं आणि अख्ख्या घराने ती तिसरी स्टेज समजून रात्र जागून काढली, असं मी एकाहून जास्त घरांत पाहिलंय. ग्रेड आणि स्टेज या वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रेड १ ते ३ असते आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बदललेल्या दिसतात, किती वेगाने वाढतायत, ते सांगते. स्टेज ठरते गाठ किती मोठी आहे, काखेतल्या ग्रंथींत गेलीय का आणि शरीरात दुसरीकडे गेलीय का यावरून. ग्रेड ३ असलेली बाई पहिल्या स्टेजला असू शकते. बायोप्सीच्या एका कागदावरून स्टेज कळत नाही.

पुढचा कागद येतो तो आयएचसीचा, म्हणजे त्याच तुकड्यावर केलेल्या आणखी एका चाचणीचा, आणि उपचार ठरतात ते बरेचसे याच्यावर. त्यात ईआर, पीआर आणि हर-टू अशी तीन नावं असतात. पहिली दोन हार्मोनशी जोडलेली, तिसरं गाठ वाढवणारं एक प्रथिन. ईआर-पीआर पॉझिटिव्ह म्हणजे गाठ शरीरातल्या हार्मोनवर वाढते. अशांना टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारख्या गोळ्या पाच ते दहा वर्षं घ्याव्या लागतात आणि त्या फार उपयोगी ठरतात. हर-टू समोर शून्य किंवा १+ असेल तर निगेटिव्ह, ३+ असेल तर पॉझिटिव्ह. २+ आलं तर नक्की काही म्हणता येत नाही, म्हणून फिश नावाची आणखी एक चाचणी करतात. हिच्यासाठी पुन्हा थांबावं लागतं आणि हे थांबणं फार जीवघेणं वाटतं, पण ते गाळून पुढे जाऊ नका. हर-टू पॉझिटिव्ह आजाराला ट्रास्टुझुमॅबसारखी खास औषधं आहेत आणि ती कोणाला द्यायची ते या एका उत्तरावर ठरतं. तिन्ही निगेटिव्ह आलं तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. त्यात हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत, किमोवर भर असतो.

एक काम मात्र विसरू नका. तपासलेल्या तुकड्याचे मेणातले ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड लॅबकडे असतात. दुसऱ्या ठिकाणी मत घ्यायचं झालं तर ते लागतातच. कुठे ठेवलेत आणि मिळवायला कोणाला अर्ज करायचा, एवढं आत्ताच विचारून वहीत लिहा.

डॉक्टरांना काय विचारायचं

ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांना मिनिटं मोजून मिळतात. म्हणून प्रश्न घरून लिहून न्या आणि सुरुवातीलाच सांगा, ‘डॉक्टर, माझे पाच प्रश्न आहेत.’ बहुतेक डॉक्टर त्या पाचांची उत्तरं देतात. बोलणं फोनवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा. माझ्या मते हे पाच पहिल्या भेटीत हवेत:

१. आजार स्तनापुरता आहे, काखेत आहे, की आणखी कुठे गेलाय? ते कळायला कुठल्या तपासण्या बाकी आहेत?
२. आधी ऑपरेशन की आधी किमो, आणि का?
३. स्तन वाचवून ऑपरेशन होण्यासारखं आहे का?
४. कुठला उपचार इथे होईल आणि कशासाठी दुसरीकडे जावं लागेल?
५. रात्री-बेरात्री त्रास झाला तर कोणाला फोन करायचा?

यातल्या दुसऱ्याबद्दल थोडं सांगते. ‘आधी किमो’ म्हटलं की घरचे समजतात, ऑपरेशनच्या पलीकडे गेलं. तसं नसतं. गाठ थोडी मोठी असेल, किंवा आजार हर-टू पॉझिटिव्ह वा ट्रिपल निगेटिव्ह असेल, तर ऑपरेशन शक्य असूनही आधी किमो देतात. गाठ आक्रसते, स्तन वाचण्याची शक्यता वाढते आणि औषध लागू पडतंय की नाही तेही दिसतं. अशा वेळी गाठीच्या जागी धातूची बारीकशी क्लिप बसवणार का, ते विचारा. गाठ पूर्ण विरघळली तर सर्जनना जागा सापडायला ती लागते.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल तर मला कळकळीने सांगायचंय. ‘सगळंच काढून टाका, कटकट नको’ असं नवरा, सासू, कधी स्वतः बाईही बोलून मोकळी होते. इटलीत उम्बेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी याच प्रश्नावर शेकडो बायकांवर वर्षानुवर्षं अभ्यास केले. २००२मध्ये त्यांचे वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष आले. योग्य रुग्णांत फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं तरी, पूर्ण स्तन काढलेल्या बायका जितक्या जगल्या तितक्याच या जगल्या. तेव्हा पूर्ण स्तन काढावाच लागणार असेल तर जरूर काढा, पण घाबरून, न विचारता काढू नका. पूर्ण काढायचा झालाच तर पुनर्रचनेबद्दलही ऑपरेशनच्या आधीच विचारा.

आणि तुमचं वय कमी असेल, मूल हवं असेल, तर ते किमो सुरू होण्यापूर्वी बोला. किमोमुळे पाळी कायमची जाऊ शकते. बीजांडं गोठवून ठेवण्यासारखे उपाय आहेत, पण ते किमोच्या आधी करावे लागतात. हा विषय डॉक्टर आपणहून काढतीलच असं नाही. लाजू नका.

गोव्यात की मुंबईत

आपल्याकडे निदान झालं की चोवीस तासांत कोणीतरी म्हणतं, ‘टाटाला न्या’. परळचं टाटा मेमोरियल १९४१पासून आहे आणि तिथल्या ज्ञानाबद्दल प्रश्नच नाही. पण स्तनाच्या कॅन्सरचा उपचार महिनोन्महिने चालतो. ऑपरेशन, तीन आठवड्यांनी एक अशी किमोची आवर्तनं, मग रेडिएशनचे रोजचे दिवस. हर-टूचं औषध असेल तर साधारण वर्षभर. हे सगळं मुंबईत भाड्याच्या खोलीत राहून करायचं, तेव्हा घर, मुलं, नवऱ्याची नोकरी यांचं काय होतं ते घरच्यांनी मांडून बघावं. माझं मत असं आहे की मत मुंबईचं घ्या, पण जे उपचार बांबोळीला, आपल्या गोमेकॉत, नीट होतात ते इथेच घ्या. घरची पेज आणि आपलं अंथरूण यांचा आजारपणात मोठा आधार असतो. गोमेकॉच्या डॉक्टरांना दुसरं मत घेतोय असं मोकळेपणाने सांगा, त्यात त्यांचा अपमान नाही.

दुसऱ्या मतासाठी प्रत्येक वेळी प्रवासही करावा लागत नाही. टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड, म्हणजे देशातल्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं, यांच्याशी जोडलेली ‘नव्या’ नावाची ऑनलाइन सेवा आहे, तिच्यावर रिपोर्ट पाठवून तज्ज्ञांचं लेखी मत मिळतं.

जायचंच झालं तर कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी रेल्वेत सवलत आहे. स्लीपर आणि थ्री-टियर एसीत रुग्णाचं भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट. त्याचा ठरलेला छापील नमुना हॉस्पिटलमधून सही-शिक्क्यासह घ्यायचा आणि तिकीट स्टेशनच्या आरक्षण खिडकीवर काढायचं. कोकणकन्या रात्रीची आहे आणि दादरला थांबते, तिथून परळ जवळ. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती आणि टाटाचंच वांद्र्याचं डॉ. अर्नेस्ट बोर्जेस होम अशा जागा आहेत. निघण्यापूर्वी फोन करून जागा आहे का ते विचारा. ब्लॉक, स्लाइड आणि मूळ रिपोर्ट जवळच्या पिशवीत ठेवा, सामानात नको.

पैसे आणि कागद

हे काम सोबतीच्या माणसाचंही नाही, तिसऱ्याच कोणाचं तरी असावं. घरात एखादा दीर, भाचा, निवृत्त मास्तर असतोच, ज्याला सरकारी कचेऱ्यांची सवय असते. त्याच्यावर सोपवा.

पहिलं, दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड. २०१६पासून ही योजना आहे. तीन किंवा कमी माणसांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त असतील तर चार लाखांचं संरक्षण मिळतं. पुष्कळ घरांत कार्ड कपाटात असतं पण नूतनीकरण राहिलेलं असतं. आजच काढून तारीख बघा आणि नावांची अक्षरं आधारशी जुळतात का तेही. दुसरं, गोव्याबाहेर उपचार लागणार असतील तर राज्य सरकारच्या मेडिक्लेम योजनेची चौकशी कांपालच्या आरोग्य संचालनालयात करा, तीही गोव्याबाहेर निघण्याआधी, परत आल्यावर नको. तिसरं, हर-टू पॉझिटिव्ह असाल तर गोमेकॉत आवर्जून विचारा. पर्टुझुमॅब आणि ट्रास्टुझुमॅब हे एकत्र महागडं इंजेक्शन मोफत देण्याचा कार्यक्रम गोवा सरकारने २०२३मध्ये सुरू केला. तो तुम्हाला लागू होतो का ते डॉक्टर सांगतील.

वेर्णा, कुंडई, मडकई इथल्या कारखान्यांत काम करणाऱ्या आणि पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जाणाऱ्या बायकांना एक गोष्ट बहुधा कोणीच सांगत नाही. कॅन्सर हा ईएसआयच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे. दोन वर्षं सलग नोकरी आणि ठरलेले हप्ते भरलेले असतील तर नेहमीचे आजारपणाचे ९१ दिवस संपल्यावरही पगाराच्या ८० टक्के रक्कम मिळत राहते, एकूण दोन वर्षांपर्यंत. राजीनामा देऊ नका. कंपनीने सुचवला तरी आधी ईएसआयच्या कचेरीत जाऊन बोला. प्राप्तिकर भरणाऱ्यांनी जुनी पद्धत निवडली असेल तर ८०डीडीबी कलमाखाली उपचारखर्चाची वजावट आहे, त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन ठेवावं.

गावाला काय सांगायचं, देवाला काय विचारायचं

लपवून ठेवण्याच्या मी विरुद्ध आहे, पण बातमी कोणी आणि कधी सांगायची तो हक्क आजारी बाईचा. घरात आधी मुलांना सांगा. लहान मुलांना साध्या शब्दांत: आईला छातीत आजार झालाय, त्याचं नाव कॅन्सर, औषधाने केस जातील, पुन्हा येतील, तुझ्यामुळे झालेलं नाही. मुलांना घरातली कुजबुज लगेच कळते आणि न सांगितलेलं ती मनात भलतंच रचतात. आखातात किंवा पुण्या-मुंबईत असलेल्यांना एकदाच, सगळ्यांना एकत्र व्हिडिओ कॉलवर सांगितलेलं बरं.

बाकीच्यांसाठी सोबतीच्या माणसाने एक संदेश लिहावा आणि तोच सगळीकडे पाठवावा. आम्ही पाठवला तो जवळजवळ असा होता: ‘वहिनीला स्तनाचा कॅन्सर निघालाय. उपचार बांबोळीला सुरू होतायत. तिला आराम हवाय, म्हणून महिनाभर घरी भेटायला येऊ नका आणि तिला फोन करू नका. विचारायचं ते मला विचारा. दर रविवारी मी इथे कळवीन. मदत करायची असेल तर खाली लिहिलेल्या कामांतलं एक घ्या.’ काही जण दुखावले. पण वहिनीला, म्हणजे माझ्या जावेला, दुपारची झोप मिळाली.

देवाचंही बोलायला हवं, कारण आपल्याकडे ते टळत नाही. मोठा निर्णय असला की कौल लावायचा, प्रसाद घ्यायचा, ही गोव्यातल्या कित्येक घरांची रीत आहे आणि त्यातून बाईला बळ मिळत असेल तर कोणी नाक मुरडू नये. पण उपचार घ्यायचा की नाही हा प्रश्न देवापुढे ठेवू नका. बायोप्सीची, किमोची तारीख आधी घ्या, मग ‘हे नीट पार पडू दे’ म्हणून देवळात जा. गावठी औषधाचंही तेच. मुळ्या, काढे, गुळवेल, हळदीच्या कॅप्सूल, जे काही घ्यावंसं वाटतं ते डॉक्टरांना दाखवून मगच. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याचे रुग्ण डॉक्टरांनी नोंदवलेत, आणि किमोची बरीच औषधं यकृतातूनच जातात. आमच्या ओळखीच्या एकीने गाठ लहान असताना काढ्यांवर बराच काळ घालवला आणि ती परत आली तेव्हा आजार हाडांत होता. आजही तिची आठवण आली की वाटतं, तिच्याजवळ तेव्हा कोणीतरी न रागावता बसायला हवं होतं.

मदत मागायची ती नेमकी

‘काही लागलं तर सांगा हां’ म्हणणाऱ्याला काम दिलं नाही तर तोही संकोचतो आणि आपणही. म्हणून यादी करा. किमोच्या दिवशी गाडीने बांबोळीला नेणं-आणणं, काणकोण किंवा वाळपईहून यायचं असेल तर हे सर्वांत मोठं काम. मंगळवारी-शुक्रवारी रात्रीचं जेवण. मुलाला शिकवणीला सोडणं. गुरांचं, बागेतल्या शिंपण्याचं. सासूच्या गोळ्या आणणं. प्रत्येक कामासमोर एक नाव लिहा. धालोला, फुगडीला, भजनाला, बचत गटाला ज्या एकत्र येतात त्या बायका हे काम फार नीट करतात, कारण त्यांना वार वाटून घ्यायची सवय असते.

शेजारणींनी जेवण आणायचं तर काय आणायचं तेही सांगा. किमोत अंगाला प्रथिनं लागतात, मासे बंद करायचं काही कारण नाही. नीट शिजवलेलं हुमण, अंडी, मुगागाठी, वरण, दही चालतं. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं, उघड्यावर चिरून ठेवलेलं, शिळं नको. तोंड आलेलं असेल तेव्हा तिरफळं आणि मिरची कमी, पेज आणि मऊ भात जास्त. खारातलं तोर (मिठातली कैरी) चवीला मागितलं तर एखादा तुकडा द्या, पण तोंड आलेलं असेल तेव्हा ते झोंबतं.

याखेरीज एक माणूस असं हवं, जी स्वतः यातून गेलेली आहे. तिच्या जागी कोणी चालत नाही. किमोच्या वॉर्डातल्या नर्सना विचारा, बोलायला तयार असलेली कोणी आहे का. ओपीडीच्या बाकावर शेजारी बसलेलीशी बोला. गोवा कॅन्सर सोसायटीकडे चौकशी करा. मुंबईत व्ही केअर फाउंडेशनचे स्वयंसेवक रुग्णांशी बोलतात. शक्यतो तुमच्यासारखाच उपचार झालेली गाठा. हार्मोनच्या गोळ्यांवर असलेलीचा अनुभव ट्रिपल निगेटिव्ह असलेलीला लागू पडत नाही, आणि दोघी उगाच घाबरतात.

किमो सुरू झाल्यावर

पहिल्या डोसनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांत केस गळायला लागतात. आधीच बारीक कापून घेतले तर उशीवर पुंजके बघण्याचा धक्का थोडा कमी होतो. उलटीच्या गोळ्या उलटी होण्याआधी, सांगितलेल्या वेळेला घ्यायच्या.

घरात चांगला थर्मामीटर हवा. किमोत पांढऱ्या पेशी कमी होतात, बहुधा सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास सर्वांत कमी. तेव्हा १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर घरी क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं, गाडी नसेल तर १०८. कॅज्युअल्टीत गेल्यावर पहिलं वाक्य, ‘हिला किमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला.’ हे वाक्य वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा, कारण सोबत कोण जाईल ते सांगता येत नाही.

मन

पहिले काही आठवडे रडणं, चिडणं, झोप उडणं, सगळं येतं. ‘धीर धर, पॉझिटिव्ह राहा’ असं सारखं सांगू नका. त्या बाईला वाटतं, आपण रडलो तर आजार वाढेल. रडल्याने कॅन्सर वाढत नाही. तिच्याजवळ बसा, निवडायला भाजी घ्या, ती बोलली तर ऐका.

पण दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप नाही, जेवण नाही, कशातच मन नाही, किंवा जगून काय करू असं ती बोलली, तर मानसोपचाराची मदत घ्या. बांबोळीलाच गोमेकॉजवळ आयपीएचबी हे मानसोपचाराचं सरकारी हॉस्पिटल आहे. तिकडे गेलं म्हणजे वेड लागलं असं नाही. टेलि-मानसचा १४४१६ हा फुकटचा नंबर दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. मानसोपचारांची गोळी दिली तर टॅमॉक्सिफेन चालू असल्याचं सांगा. नैराश्यावरच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ पॅरॉक्सिटीन, तिचं काम कमी करतात आणि डॉक्टर दुसरी निवडू शकतात.

नवऱ्यांकडे कोणी बघत नाही. तोही घाबरलेला असतो, आणि घरात ते बोलता येत नाही म्हणून अंगणात फिरत बसतो. त्यालाही एक मित्र, एक चहा, एक तास द्या.

ऑपरेशननंतर घरी

ड्रेनची, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीची, बाटली लावून घरी पाठवलं तर रोज ठरलेल्या वेळी किती मिली जमलं ते वहीत लिहा. नळी कधी काढायची ते डॉक्टर त्या आकड्यांवरून ठरवतात. हाताचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून डिस्चार्जच्या आधी शिकून घ्या. दुखतं म्हणून हात छातीशी धरून ठेवला तर खांदा आखडतो आणि पुढे डोक्यावरून पोलकं घालणंही जमत नाही. काखेतल्या ग्रंथी काढल्या असतील तर तो हात जपा. भाजणं, कापणं, कीटक चावणं टाळा, विळीवर किंवा शेतात काम करताना हातमोजा घाला. हात जड किंवा सुजल्यासारखा वाटला तर लगेच दाखवा. स्तन काढला असेल तर ब्लाउजमध्ये घालायला हाताने विणलेले मऊ सुती स्तन ‘निटेड नॉकर्स इंडिया’ या स्वयंसेवी बायका मोफत पाठवतात.

बहीण आणि मुलगी

उपचार मार्गी लागल्यावर एक काम उरतं. कमी वयात झाला असेल, ट्रिपल निगेटिव्ह असेल, किंवा घरात आई, मावशी, आत्या यांना स्तनाचा वा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर बीआरसीए नावाच्या जनुकात वारशाने आलेला दोष आहे का, त्या चाचणीबद्दल डॉक्टरांना विचारा. हा दोष वडिलांकडूनही येतो, म्हणून आत्यांकडचंही विचारायला हवं. बहिणींनी आणि मुलींनी आपली तपासणी कधी सुरू करायची ते याच भेटीत ठरवून घ्या. साधारणपणे चाळिशीपासून मॅमोग्राम करतात, पण आईला किंवा बहिणीला तरुणपणी झाला असेल तर तिच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधीपासून सुरू करायला सांगतात. गावच्या आरोग्य केंद्रांवर ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ कार्यक्रमात स्तनांची प्राथमिक तपासणी होते. तिथे काही संशयास्पद निघालं तर सोनोग्राफी-मॅमोग्रामसाठी पाठवतात, आणि ती चिठ्ठी घेऊन त्याच आठवड्यात जायचं.